सहावीच्या मुली हॉलमध्ये, मुलं ग्राउंडवर

पम्याच्या पोरीच्या शाळेतून पालकांच्या ग्रुपवर मेसेज आला, शनिवारी सहावीच्या मुलींसाठी हॉलमध्ये "वाढत्या वयातील बदल" या विषयावर मार्गदर्शन, मुलांनी पीटीचा ड्रेस घालून ग्राउंडवर हजर राहावे. बस्स, एवढंच. पण त्याच्यावरून परळ नाक्यावर सुऱ्याच्या मेडिकलसमोरच्या कट्ट्यावर जी जुंपली ती त्याचं शटर अर्धं खाली येईपर्यंत चालू होती, आणि भांडण सुरू झालं पोरांच्या शाळेवरून पण घसरलं आमच्यावरच.

पम्याचं म्हणणं सरळ होतं. पोरगी अकरा वर्षांची, अजून भावाशी रिमोटवरून मारामारी करते, तिला आत्ताच हे सगळं कशाला? वेळ आली की आई सांगेल, आतापर्यंत आयाच सांगत आल्यात, आमच्या आईने ताईला सांगितलं, काय बिघडलं तिचं?

वैशू तेवढ्यात ड्युटी संपवून आली होती. ती स्टाफ नर्स आहे, आमच्याच चाळीतली, घरी जायच्या आधी एक कटिंग आमच्यात उभ्याउभ्या मारते. ती म्हणाली, "तुझ्या आईने ताईला काय सांगितलं ते तुला काय माहीत रे? तू तेव्हा गॅलरीत रबरी बॉल बडवत होतास. मी होते तिथे. काकी म्हणाल्या कापड कुठे वाळत घालायचं, देवाकडे फिरकायचं नाही, लोणच्याच्या बरणीला हात लावायचा नाही आणि आजपासून पोरांबरोबर कॅरम बंद. झालं. का येतं, कुठून येतं, किती दिवस राहतं, एक अक्षर नाही. ताई माझ्याजवळ येऊन रडली, तिला वाटलं कॅन्सर झालाय."

पम्या जरा वरमला पण हरेल तो पम्या कसला. म्हणे ते जुन्या काळी, आता मोबाईल आहे, पोरांना सगळं आपल्याआधी कळतं.

"कळतं ना, पण काय कळतं ते येऊन बघ माझ्या वर्गात," मास्तर बोलला. मास्तर म्हणजे खराखुरा मास्तर, शिवडीकडे एका शाळेत विज्ञान शिकवतो. तो सांगत होता की पुस्तकाला नावं ठेवू नका, दहावीच्या विज्ञान भाग २ मध्ये अख्खा धडा आहे, स्त्रीच्या प्रजनन संस्थेचं चित्र आहे, पुरुषाचं आहे, ऋतुचक्र आहे, जुळी कशी होतात ते आहे, आयव्हीएफ आणि सरोगसी सुद्धा आहे. पण पोरींना पाळी येते पाचवी सहावी सातवीत, काहींना चौथीत पण, आणि धडा येतो दहावीत. म्हणजे पेपर आधी आणि पोर्शन नंतर. आणि दहावीत पण बऱ्याच ठिकाणी काय होतं, आकृती काढा, नावं द्या, इम्पॉर्टंट आहे, बाकीचं घरी वाचा, पुढचा धडा घ्या. त्याच्या वर्गात साठ पोरं, पहिली दहा मिनिटं मागचा बाक नुसता खिदळतो, मास्तर थांबतो, हसून झालं का विचारतो आणि मग शिकवायला लागतो, आणि एकदा का प्रश्न सुरू झाले की बेल झाली तरी पोरं उठत नाहीत.

"मग सगळे मास्तर असं का नाही करत?" बंड्याने विचारलं. (बंड्या बँकेत आहे, अविवाहित, या विषयावर त्याला सगळ्यात जास्त मतं आहेत.)

तर मास्तर म्हणाला, कारण उद्या एक पालक उठून प्रिन्सिपलच्या केबिनमध्ये गेला की नोकरी माझी जाते. केंद्राचा किशोरवयीन मुलांच्या शिक्षणाचा कार्यक्रम आला होता, त्यातल्या चित्रांवरून आमदारांनी गदारोळ केला आणि २००७ मध्ये महाराष्ट्राने तो बंद करून टाकला, गुजरात, मध्य प्रदेश, कर्नाटकने पण केला. शिक्षकाने तेव्हापासून एकच धडा घेतलाय की या विषयात गप्प बसणारा कधी अडचणीत येत नाही.

मला यावर राहवलं नाही. म्हटलं अरे याच मुंबईत र. धों. कर्व्यांनी १९२१ साली संततिनियमनाचं केंद्र काढलं, त्यापायी विल्सन कॉलेजमधली गणिताच्या प्रोफेसरची नोकरी सोडावी लागली, मग १९२७ पासून १९५३ पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, "समाजस्वास्थ्य" मासिक चालवलं. वाचक लाजत लाजत पत्रातून प्रश्न विचारायचे आणि हा माणूस छापून उत्तरं द्यायचा म्हणून अश्लीलतेचे खटले झाले, आणि १९३४ चा खटला लढवायला वकील कोण उभं राहिलं, तर आपल्या इथल्याच बीआयटी चाळीत राहिलेले बाबासाहेब. केस हरले, दंड झाला, ते वेगळं. पण शंभर वर्षं होऊन गेली आणि आपण अजून पीटीचा ड्रेस घालून ग्राउंडवर जा म्हणून सांगतोय.

पम्या म्हणाला, "ते सगळं ठीक आहे, पण कर्वे मोठ्या माणसांना सांगत होते. सहावीच्या पोरांना नाही."

मुद्दा बरोबर होता, मान्य केलाच पाहिजे. आणि इथेच वैशूने पम्याला पकडलं. म्हणाली, "चल, मग मोठ्या माणसांचंच बघू." सुऱ्याचं बिलबुक ओढलं, कोऱ्या पानाची मागची बाजू वर केली आणि पेन उघडून विचारलं, "बाईला खाली वाटा किती? सुऱ्या तू बोलायचं नाही, तू डीफार्म आहेस."

बंड्या म्हणाला दोन. पम्या, दोन पोरांचा बाप, लेबर रूमच्या बाहेर बारा बारा तास बसलेला माणूस, तो पण म्हणाला दोनच ना. आजूबाजूला बघून आवाज खाली करून म्हणाला, पण म्हणाला दोनच.

वैशूने बाजूने कापलेलं चित्र काढलं, दहावीच्या पुस्तकात समोरून असतं म्हणून पोरांना हे कळतच नाही असं मास्तर मध्येच पुटपुटला. पुढे मूत्राशय, त्याची छोटी नळी आणि तिचं स्वतंत्र तोंड. त्याच्या मागे योनीमार्ग, वर गर्भाशय, पाळी तिथून येते आणि बाळ पण तिथूनच. त्याच्या मागे गुदाशय. तीन. "लघवीची वाट वेगळी, पाळीची वेगळी. हे पोरींना पण माहीत नसतं. पुसायचं पुढून मागे, उलटं नाही, एवढं एक वाक्य कोणी सहावीत सांगितलं तर अर्ध्या पोरी लघवीची जळजळ घेऊन माझ्याकडे येणार नाहीत."

बंड्या म्हणाला पण पाळीत शरीरातली घाणच बाहेर पडते ना. वैशू म्हणाली, नाही. दर महिन्याला गर्भाशयाच्या आत अस्तर तयार होतं, गर्भ राहिला नाही की ते सुटून रक्ताबरोबर बाहेर येतं, साधारण तीस चाळीस मिली, म्हणजे तुझ्या हातातला कटिंग पण भरणार नाही. ऐंशीच्या वर जायला लागलं, तासातासाला पॅड भिजायला लागलं तर डॉक्टरकडे जायचं. "पण किती म्हणजे जास्त हे सांगितलंच नाही तर पोरगी जास्त कशाला म्हणणार?" यावर कोणाकडेच उत्तर नव्हतं.

मुलगा की मुलगी ते बापाकडून ठरतं हे मात्र सगळ्यांना पाठ होतं, एक्स वाय वगैरे, तिथे वैशू थांबली नाही. पुढचा प्रश्न, गर्भ धरतो कुठे? सगळे एकसुरात गर्भाशय. चूक. धरतो बीजनळीत, म्हणजे अंडाशयाकडून गर्भाशयाकडे येणाऱ्या नळीत. बीजांड अंडाशयातून सुटलं की नळीत येतं, जेमतेम एक दिवस टिकतं, शुक्राणू चार पाच दिवस वाट बघत राहू शकतात, गाठ तिथेच पडते आणि मग चार पाच दिवसांनी तो गोळा गर्भाशयात उतरतो आणि त्याच्यानंतर रुजतो. कधी कधी नळीतच अडकतो आणि वाढायला लागतो, नळी फुटली की बाईच्या जिवावर बेतते. पोटात एका बाजूला कळ येतेय, पाळी चुकलीय, थोडा थोडा डाग जातोय, चक्कर येतेय, तर ते गॅस नाही, ओवा देऊन घरी बसायचं नाही. "ओवा देतात रे, खरंच देतात," वैशू म्हणाली.

मग तिने जे सांगितलं त्याच्यावर मी अजून विचार करतोय. जहाजावर काम करणारा एक नवरा, कुठला काय ते तिने सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. सहा आठवड्यांपूर्वी सुट्टीवर घरी आला. बायकोला दिवस गेले, सोनोग्राफी केली, रिपोर्टवर लिहिलेलं आठ आठवडे. हा रिपोर्ट हातात धरून काउंटरला उभा, चेहरा पडलेला, बायको बाकावर बसलेली, ती पण काही बोलेना कारण तिला पण कळेना आठ कुठून आले. सासूने बोटावर हिशोब केला होता आणि बाकावर बायकोपासून एक जागा सोडून बसली होती. वैशूने कॅलेंडर काढलं. गरोदरपणाचे आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात, कारण तीच तारीख बाईला नक्की सांगता येते, गर्भ धरतो त्याच्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी. म्हणजे कागदावरचे पहिले दोन आठवडे पोटात काहीच नसतं. चाळीस आठवडे, दोनशे ऐंशी दिवस म्हणतात ते पण असेच मोजलेले. आठातून दोन गेले सहा. नवऱ्याला तीनदा सांगावं लागलं, तिसऱ्यांदा तो खाली बसला.

"एवढं एक माहीत असतं," वैशू म्हणाली, "तर ती बाई त्या बाकावर गुन्हेगारासारखी बसली नसती. आणि हे माहीत नव्हतं कोणाला? तिघांनाही. त्यातला एक तर बाप होणार होता."

थोडा वेळ कोणी बोललं नाही, मग सुऱ्या बोलला, जो इतका वेळ काउंटरच्या आतून गिऱ्हाईक करत ऐकत होता. म्हणे माझ्याकडे येऊन बसा एक दिवस. कॉलेजचा पोरगा येतो, आय-पिल मागतो, म्हणजे संबंधानंतर दिवस राहू नयेत म्हणून घ्यायची गोळी, विचारलं कधीचं तर म्हणतो मागच्या आठवड्यातलं. अरे ती बहात्तर तासांच्या आत घ्यायची असते, जितकी लवकर तितकी बरी, आठवड्यानंतर काय उपयोग. दुसरा म्हणतो पाळीच्या बरोबर चौदाव्या दिवशीच भीती असते, बाकी सेफ. आता बीजांड सुटतं ते पुढच्या पाळीच्या साधारण चौदा दिवस आधी, मागच्या पाळीनंतर नाही, ज्या पोरीचं चक्र पस्तीस दिवसांचं तिचं एकविसाव्या दिवशी सुटणार, आणि शुक्राणू आधीपासून येऊन बसलेले असू शकतात, मग तुझा चौदावा दिवस गेला कुठे? आणि गणपतीच्या आधी तर विचारू नका, पाळी लांबवायच्या गोळ्यांना एवढी मागणी, चिठ्ठी लागते म्हटलं की काका मलाच दम देतात, सूनबाईंना मखरात जायचंय म्हणे. सूनबाईंना विचारलं का, तिला मायग्रेन आहे का, आधी कधी रक्ताच्या गुठळीचा त्रास झालाय का? काकांना पाळी म्हणजे काय तेच माहीत नाही पण गोळीचं नाव तोंडपाठ. पॅड मात्र अजून पेपरात गुंडाळून द्यायचं. प्लास्टिकबंदी आली २०१८ ला, पॅडची काळी पिशवी गेली, पेपर आला, लपवाछपवी आहे तिथेच.

पम्या म्हणाला म्हणजे तुमचं म्हणणं मोठ्यांनाच येत नाही तर पोरांना शिकवा. मी म्हटलं हो, हेच. ग्राउंडवर पाठवलेला सहावीचा पोरगाच पुढे वीस वर्षांनी रिपोर्ट हातात धरून काउंटरला उभा राहतो. त्याला कोणी कधी सांगितलंच नाही तर येणार कुठून? त्याच्या स्वतःच्या अंगात काय होतंय ते पण त्याला कोण सांगतं, आवाज फुटतो, झोपेत चड्डी ओली होते, पोरगं घाबरून चादर लपवतं, आणि मग भोंदू वैद्याच्या जाहिराती वाचून ताकद गेली म्हणून सुऱ्याकडे येतं. सुऱ्या म्हणाला येतं, दर आठवड्याला.

मास्तरने ठाणे जिल्ह्यातल्या शहापूरचं काढलं. २०२५ च्या जुलैत तिथल्या एका शाळेत बाथरूममध्ये रक्ताचे डाग दिसले म्हणून मुलींचे कपडे काढायला लावून कोणाला पाळी आलीय ते तपासलं, मुख्याध्यापिकेला अटक झाली, पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, लागला. शिकली सवरलेली बाई, शाळेची प्रमुख. मास्तर म्हणाला त्या मुलींच्या वर्गात मुलगेही होते, त्यांनी त्या दिवशी काय शिकलं असेल ते सांग.

इथपर्यंत पम्या बराच वितळला होता पण भांडण मिटलं नाही, उलट नवीन सुरू झालं, कारण मी म्हटलं मुलं मुली एकत्र बसवा आणि वैशू फिस्कारली. ती म्हणाली सहावीत एकत्र बसवलंस तर माझी एक पोरगी तोंड उघडणार नाही. आधी वेगळे बसवा, पोरींना पॅड कसं लावायचं, कधी बदलायचं, दुखलं तर काय घ्यायचं ते विचारू दे, पोरांना त्यांचं विचारू दे, मग चित्रं आणि विज्ञान एकत्र. मास्तर म्हणाला वेगळं बसवलं की पोरांचं सेशन पुढच्या वर्षी रद्द होतं, दरवर्षी हेच होतं, बजेट पोरींचंच येतं, त्यामुळे एकत्रच, फक्त प्रश्न चिठ्ठीवर नाव न घालता बॉक्समध्ये. मला अजून मास्तरचंच पटतं, पण वैशूचं खोटं आहे असं म्हणायची माझी टाप नाही. बंड्याने सर्वांना चिठ्ठ्या टाकायला सांगितलं, त्याला कोणी विचारलं नव्हतं.

शेवटी पम्याने शाळेच्या ग्रुपवर टाईप केलं, "मुलांसाठीही सेशन ठेवावे ही विनंती." पाठवायच्या आधी "वेगळे" हा शब्द तीनदा घातला आणि काढला. दोन अंगठे आले, एका पालकाने लिहिलं की प्लीज असे विषय ग्रुपवर नको, आणि वर्गशिक्षिकेचं उत्तर आलं की मुलांसाठी बोलणारी व्यक्ती उपलब्ध नाही, कोणी पालक असल्यास कळवावे.

सगळ्यांनी मास्तरकडे बघितलं. मास्तर म्हणाला शनिवारी माझी शाळा असते, वैशू जा. वैशू म्हणाली माझी मॉर्निंग आहे, आणि पोरांसमोर पुरुष उभा राहिलेला बरा, सुऱ्या जा. सुऱ्या म्हणाला दुकान कोण बघणार, पम्या बघ.

"मी बसतो दुकानात," पम्या म्हणाला, "पण ते बिलबुकातलं पान सुऱ्याबरोबर जाऊ दे. आणि वैशे, पोरांचं पण एक काढून दे त्याला, बाजूने कापलेलं."