'विदर्भ मागणारे मराठीचे गद्दार' म्हणणाऱ्यांना उत्तर

१ मे जवळ आला की वेगळं विदर्भ राज्य मागणाऱ्यांविरुद्धचा एक मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर फिरायला लागतो. यंदाही तो माझ्याकडे चार ग्रुपांतून आला, त्यातला एक तर आमच्या नात्यातलाच. मजकुराचा गोषवारा असा: विदर्भ अशी वेगळी ओळख कधी नव्हतीच, ती सत्ता गेलेल्या पुढाऱ्यांनी उभी केली. महाराष्ट्राने विदर्भाला भरभरून दिलं, मुख्यमंत्रीसुद्धा दिले. उद्या वेगळे झालात तर पगार द्यायला पैसे उरणार नाहीत. आणि मराठी राज्य तोडायला निघालेला माणूस हुतात्म्यांचा अपमान करतो.

शेवटचा आरोप सगळ्यात जिव्हारी लागतो, म्हणून सुरुवात त्यापासूनच करतो.

महानुभावांचं 'लीळाचरित्र' हा मराठीतला आद्य गद्यग्रंथ. म्हाइंभटांनी तो अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपुरात सिद्ध केला, तेराव्या शतकात. मराठी आमच्याकडे कुणी बाहेरून आणून दिलेली नाही. 'काऊन बे, काय करून राहिला?' असं आम्ही विचारतो, कोथिंबिरीला सांबार म्हणतो, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं लाकडी नंदी घेऊन घरोघर बोजारा (सणाची बक्षिसी) मागायला जातात. त्याच दिवशी नागपुरात काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक, निघते आणि अख्खं शहर 'ईडा पीडा घेऊन जाय गे मारबत' म्हणून ओरडतं. हे मराठीच आहे, आमच्या वळणाचं.

आता इतिहास बघा. मध्य प्रांत आणि वऱ्हाड हा हिंदी आणि मराठी भाषकांचा एकत्र प्रांत होता. १ ऑक्टोबर १९३८ रोजी त्याच्या विधिमंडळाने, नागपुरात बसून, मराठी जिल्ह्यांचा वेगळा महाविदर्भ प्रांत करावा असा ठराव केला. म्हणजे ही मागणी जन्मली ती हिंदी बहुसंख्येच्या प्रांतात मराठी माणसाला स्वतःचं घर हवं म्हणून. तिला मराठीविरोधी म्हणणाऱ्याने तो ठराव कधी पाहिलेलाच नाही.

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात मुंबईत आणि इतरत्र जे गोळ्यांना बळी पडले, त्यांच्यापुढे माझीही मान झुकते. त्यांचा लढा मुंबई महाराष्ट्राला मिळावी यासाठी होता, आणि मुंबई महाराष्ट्राचीच आहे. विदर्भ वेगळा झाला म्हणून त्यात तसूभर फरक पडत नाही. एका भाषेचं एकच राज्य असा नियम घटनेत कुठेही नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५५ साली भाषिक राज्यांवर लिहिताना एका राज्यात एक भाषा असावी हे मान्य केलं, पण एका भाषेचं एकच राज्य हवं हे नाकारलं, आणि मराठी मुलखाचे चार भाग सुचवले. त्यांतला एक पूर्व महाराष्ट्र, म्हणजे आजचा विदर्भ. बाबासाहेबांना मराठीचे गद्दार म्हणायची तयारी आहे का? तेलुगू भाषकांची २०१४ पासून दोन राज्यं आहेत, म्हणून तेलुगू मेली नाही.

'वेगळी ओळख कधी नव्हतीच' या दाव्याला मी रुक्मिणीचं कौंडिण्यपूर किंवा दमयंतीचा विदर्भ पुढे करणार नाही. पुराणातल्या नावावर आजचं राज्य मागता येत नाही, असं माझं मत आहे. पण वाकाटक या प्राचीन राजघराण्याच्या दोन्ही शाखा इथल्याच, एक रामटेकजवळच्या नंदिवर्धनाची, दुसरी वत्सगुल्माची म्हणजे आजच्या वाशिमची. संस्कृत काव्यशास्त्रात तर 'वैदर्भी' नावाची रीती, म्हणजे लेखनशैलीच, आहे. नाव पुढाऱ्यांनी काढलं, हे निदान म्हणू नका.

एक गोष्ट मात्र विदर्भवाद्यांनीही कबूल केली पाहिजे. वऱ्हाड, म्हणजे अकोला-अमरावतीकडचा मुलूख, निजामाचं होतं, १८५३ च्या तहाने इंग्रजांच्या कारभाराखाली गेलं. नागपूर भोसल्यांचं, ते वारस नाही म्हणून खालसा झालं. दोघांचा कारभार एकत्र आला १९०३ साली. अकोला-अमरावतीच्या लोकांच्या मनात नागपूरबद्दल थोडी अढी आहे, ती तिथूनच. ती खोटी नाही. पण त्या १९०३ पासून १९५६ पर्यंतची त्रेपन्न वर्षं हा सगळा मुलूख नागपूर राजधानीतून चालला. नागपूरला स्वतःचं विधिमंडळ होतं, १९३६ पासून स्वतःचं उच्च न्यायालय होतं. १ नोव्हेंबर १९५६ ला आठ जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात गेले आणि राजधानी उठली. उच्च न्यायालयाचं खंडपीठ झालं.

आणि हे कुणाच्या शिफारशीवरून? राज्य पुनर्रचनेसाठी नेमलेल्या फाजल अली आयोगाच्या तर नव्हेच. त्या आयोगाने १९५५ मध्ये बुलढाणा, अकोला, अमरावती, यवतमाळ, वर्धा, नागपूर, भंडारा आणि चांदा (आजचं चंद्रपूर) या आठ जिल्ह्यांचं वेगळं विदर्भ राज्य करावं असं स्पष्ट सांगितलं होतं. ते फक्त अमलात आलं नाही. सात वर्षांनी, १९६२ साली, बापूजी अणे वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षी याच मुद्द्यावर नागपुरातून लोकसभेवर निवडून गेले. १९७१ ला जांबुवंतराव धोटे गेले. यांना सत्तेतून बाहेर पडलेले रिकामटेकडे म्हणता येईल का? हो, पुढच्या काळात अनेकांनी विदर्भाची शिडी केली, वर चढले आणि विसरले. विदर्भवादी उमेदवारांना हल्ली मतंही मिळत नाहीत. ते आमचं अपयश आहे आणि ते मला बोचतं. पण पुढारी फसवे निघाले म्हणून मागणी खोटी ठरत नाही.

'भरभरून दिलं' हा दावा करणाऱ्यांनी २८ सप्टेंबर १९५३ चा नागपूर करार एकदा शांतपणे वाचावा. तो छोटा आहे, दहा मिनिटं लागतात. विदर्भाने संयुक्त महाराष्ट्रात यावं म्हणून यशवंतराव चव्हाणांसह दोन्हीकडच्या नेत्यांनी त्यावर सह्या केल्या. त्यात लिहिलंय: खर्चाचा पैसा लोकसंख्येच्या प्रमाणात, सरकारी नोकऱ्या त्याच प्रमाणात, दरवर्षी ठरावीक काळ सरकार नागपुरात हलेल आणि किमान एक अधिवेशन तिथे होईल.

पुढे काय झालं ते सरकारच्याच कागदावर आहे. १९८३ साली नेमलेल्या दांडेकर समितीने राज्यातला अनुशेष, म्हणजे विकासात मागे राहिलेल्या भागांची तूट, सुमारे ३,१८७ कोटी रुपयांचा काढला, त्यात विदर्भाचा वाटा ३९ टक्क्यांच्या आसपास. लोकसंख्येच्या प्रमाणात पैसा आला असता तर हा खड्डा पडला कुठून? वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाचं भूमिपूजन २२ एप्रिल १९८८ ला झालं. तेव्हा किंमत ३७२ कोटी, भिजणार होती अडीच लाख हेक्टर जमीन. खर्चाचा आकडा पुढे १८ हजार कोटींवर गेला. भूमिपूजनाच्या वर्षी जन्मलेल्या पोरांची पोरं आता शाळेत जातात आणि धानाच्या कितीतरी बांध्या अजून वरच्या पावसाच्याच भरवशावर आहेत. अकोल्याचं कृषी विद्यापीठ १९६९ ला मिळालं, पण त्यासाठीसुद्धा लोकांना रस्त्यावर उतरावं लागलं.

राहिलं अधिवेशन. ते दोन आठवडे, कधी त्याहूनही कमी दिवस चालतं. २०२० आणि २०२१ ला तर नागपुरात झालंच नाही. डिसेंबरात कधी मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटवर जाऊन उभे राहा. मी दरवर्षी जातो. एकदा गडचिरोली जिल्ह्यातल्या कुरखेड्याच्या अंगणवाडी सेविका भेटल्या. रात्रभर गाडीत बसून आलेल्या, यशवंत स्टेडियमवर पदर डोक्यावर घेऊन थंडीत पहाट काढलेली. त्यांतल्या एका बाईने प्लॅस्टिकच्या पिशवीत निवेदनाच्या तीन प्रती जपून आणल्या होत्या. दुपारी चारला मोर्चा बॅरिकेडजवळ अडला, पाच जणींचं शिष्टमंडळ आत गेलं, एक प्रत देऊन परत आलं. उरलेल्या दोन प्रती त्या बाईने पुन्हा पिशवीत घातल्या. "भाऊ, मुंबईले जाणं आमच्यानं होत नाई. हेच दिवस असतेत आमचे," एवढंच ती म्हणाली. त्याच जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला असलेल्या सिरोंच्याच्या माणसाला तर मुंबईपेक्षा हैदराबाद कितीतरी जवळ पडतं.

मुख्यमंत्री दिले, हे खरं आहे. कन्नमवार, वसंतराव नाईक, सुधाकरराव नाईक, देवेंद्र फडणवीस. वसंतराव तर अकरा वर्षांहून जास्त काळ होते, आणि त्यांनी शेतीसाठी केलेल्या कामाचा मला अभिमान आहे. पण दांडेकर समितीचा अनुशेष त्यांच्या कारकिर्दीनंतरच मोजला गेला. म्हणजे खुर्चीवर कोण बसतो यावर हा प्रश्न सुटला नाही. २८८ च्या विधानसभेत विदर्भाचे आमदार ६२. इथला मुख्यमंत्री झाला तरी त्याला उरलेल्या सव्वादोनशे जणांकडे बघूनच राज्य चालवावं लागतं.

पैशांचा मुद्दा मला थोडक्यात आटपायचा आहे, कारण त्यात आकडे फेकणारे दोन्हीकडे आहेत. मुंबईच्या करांतून राज्याची तिजोरी भरते आणि वेगळ्या विदर्भाला सुरुवातीची वर्षं जड जातील, हे मी मान्य करतो. पण विदर्भाची लोकसंख्या २०११ ला २ कोटी ३० लाखांच्या आसपास होती. उत्तराखंडची एक कोटी, हिमाचलची सत्तर लाखही नाही. ती राज्यं चालतात. चंद्रपूरचं २,९२० मेगावॅटचं औष्णिक केंद्र, कोराडी, खापरखेडा, बराचसा कोळसा इथला, राख इथल्या छपरांवर, वीज मात्र साऱ्या राज्याला. आणि लहान राज्य फसतं म्हणून झारखंडचं उदाहरण देणाऱ्यांनी त्याच महिन्यात जन्मलेल्या छत्तीसगडचंही नाव घ्यावं.

आमचं म्हणणं कायद्याबाहेरचं नाही. घटनेच्या तिसऱ्या कलमाखाली संसद नवं राज्य करू शकते. ते होईपर्यंत निदान ३७१ (२) कलमाखालचं विदर्भ वैधानिक विकास मंडळ तरी होतं. १९९४ ला स्थापन झालेल्या त्या मंडळाची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली, म्हणजे त्या वर्षीच्या महाराष्ट्र दिनाच्या आदल्या दिवशी. तो मजकूर पुढे पाठवणाऱ्या माझ्या नातेवाइकाला मी ही तारीख पाठवली आहे, नागपूर कराराच्या प्रतीसकट.