तुम्ही माणूस आहात, कशावरून?

यंत्र उद्या माणसासारखं विचार करू लागलं तर काय होईल, या चिंतेनं जगातली थोर मंडळी हैराण आहेत. माझी अडचण इतकी भव्य नाही. यंत्राला माणूस व्हायचं तेव्हा होऊ दे. मी माणूस आहे हे मला आत्ता, बिल भरायची मुदत संपायच्या आत सिद्ध करायचं असतं, आणि ते मान्य करायला कुणी तयार नसतं.

पडद्यावर एक छोटा चौकोन येतो. शेजारी वाक्य : 'मी रोबो नाही.' मी प्रामाणिकपणे टिचकी मारतो. डोक्यावरचे उरलेसुरले केस पांढरे झालेला गृहस्थ एवढं सांगतोय म्हटल्यावर विषय संपायला हवा. पण नाही. लगेच एका रस्त्याच्या फोटोचे तुकडे समोर येतात आणि हुकूम होतो, ज्यात ट्रॅफिक सिग्नल आहे ते चौकोन निवडा. दिवे एका चौकोनात आहेत, त्यांचा खांब मात्र खालच्या तीन चौकोनांतून उतरलाय. आता खांब हा सिग्नल आहे का? दिव्यांवाचून खांब म्हणजे नुसता खांब हे खरं, पण खांबावाचून दिवे लटकणार कशाला? आचार्यांनी ज्यावर भाष्य लिहावं असा हा प्रश्न मी घाईत सोडवतो. खांबासकट निवडले की 'पुन्हा प्रयत्न करा.' खांब वगळला तरी 'पुन्हा प्रयत्न करा.' मग मोटरसायकली येतात. त्यावर बसलेला स्वार मोटरसायकलीत धरायचा का? माणसाला वाहनाचा भाग समजावं की नाही, हे मी माणूस आहे की नाही हे ठरवण्यासाठी मलाच विचारतात.

गणितज्ञ ॲलन ट्युरिंग यांनी १९५० साली एक निबंध लिहिला. एका खोलीत माणूस, दुसरीत यंत्र आणि बाहेर परीक्षक. परीक्षकानं लेखी प्रश्न विचारायचे आणि आत कोण बसलंय ते ओळखायचं. त्या मांडणीत परीक्षक माणूस होता. पाऊणशे वर्षांत आम्ही एवढी प्रगती केली की आता परीक्षेला मी बसतो आणि निकाल यंत्र लावतं. त्यात २०२३ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी हजाराहून जास्त माणसांना अशी कोडी सोडवायला बसवलं, तर ती सोडवण्यात संगणकी बॉट, म्हणजे आपोआप चालणारे प्रोग्रॅम, माणसांपेक्षा जलद आणि जास्त अचूक निघाले. म्हणजे जो एका फटक्यात पास होतो त्याच्यावरच संशय घ्यायला हवा. या हिशेबानं माझ्याइतका निखळ माणूस अख्ख्या इंटरनेटवर सापडायचा नाही. तरी दार उघडत नाही ते नाहीच.

आणि ही सगळी मेहनत वाया जात असेल असं समजू नका. लुईस फॉन आन नावाच्या संगणकतज्ज्ञानं या कोड्यांचा एक फार हुशार उपयोग काढला. जुन्या पुस्तकांच्या आणि वर्तमानपत्रांच्या स्कॅनमधले जे शब्द संगणकाला लागत नव्हते, ते लोकांपुढे कोडं म्हणून ठेवायचे. लोक दार उघडावं म्हणून वाचणार, संगणकाला आयता मजकूर मिळणार. पुढे शब्दांच्या जागी चित्रं आली. लाखो लोकांनी बिलं भरता भरता यंत्रांना सिग्नल, बस आणि झेब्रा क्रॉसिंग म्हणजे काय ते शिकवलं. शिकवणी फुकट, वर विद्यार्थीच मास्तरला नापास करणार.

इथे एक गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही. माझ्या एका मित्राला दिसत नाही. त्याच्या फोनमधलं नवं ॲप समोरचा कागद वाचून दाखवतं, कपाटातला शर्ट कोणत्या रंगाचा ते सांगतं, फोटोत कोण कुठे उभं आहे त्याचं वर्णन करतं. तो म्हणतो, 'कुणाला हाक न मारता आपलं पत्र आपण वाचायचं, याला काय म्हणतात ते तुला कळायचं नाही.' खरंच नाही कळायचं. त्याच माणसाला चित्रांचं कोडं मात्र सपशेल अडवतं. आवाजाचं कोडं असतं, पण त्यातली खरखर अशी की चांगल्या कानाच्यानंही हात टेकावेत. एक यंत्र त्याला डोळे देतं आणि दुसरं त्याच डोळ्यांवर आक्षेप घेतं. एआय, म्हणजे ही कृत्रिम बुद्धिमत्ता, चांगलं की वाईट, असं मला कुणी विचारलं की हा मित्र आठवतो आणि माझं उत्तर घशातच अडकतं.

आमच्या घराण्यात मात्र कुणाचंही उत्तर घशात अडकत नाही. मेव्हणा आशेच्या बाजूला आहे, थोरले काका भीतीच्या. दोघांच्या मधल्या खुर्चीवर मी बसतो, कारण दुसरी खुर्ची रिकामी नसते.

ऑक्टोबर २०२४ मध्ये तर कहर झाला. ८ तारखेला भौतिकशास्त्राचं नोबेल जाहीर झालं. जॉन हॉपफील्ड आणि जेफ्री हिंटन. हिंटन म्हणजे तेच, ज्यांनी एआयच्या तंत्राचा पाया घातला आणि २०२३ मध्ये गूगल सोडून, हे प्रकरण हाताबाहेर जाऊ शकतं असं जगाला सांगायला सुरुवात केली. काकांचा फोन : 'बघ, माझ्या माणसाला मिळालं.' दुसऱ्या दिवशी रसायनशास्त्राचं जाहीर झालं. डेव्हिड बेकर, आणि प्रथिनांची घडी कशी पडते ते सांगणाऱ्या अल्फाफोल्ड या एआय प्रोग्रॅमबद्दल डेमिस हसाबिस आणि जॉन जंपर. मेव्हण्याचा फोन : 'दाजी, वीस कोटी प्रथिनांच्या रचना! एकेकीसाठी पूर्वी वर्षं जायची. आता औषधं बघा कशी येतात.' एकाच आठवड्यात नोबेल समितीनं भीतीलाही हार घातला आणि आशेलाही. आमच्याकडचा सामना बरोबरीत सुटला. खेळाडू मात्र मैदान सोडायला तयार नाहीत.

काकांना खोडून काढणं सोपं नाही. 'अरे, मे २०२३ मध्ये त्यांनी स्वतः लिहून दिलंय. एआयमुळे मानवजात नष्ट व्हायचा धोका आहे, त्याकडे महासाथी आणि अणुयुद्धाइतक्याच गांभीर्यानं बघा. एका वाक्याचं निवेदन! आणि सह्या कुणाच्या? बनवणाऱ्यांच्याच!' हे खरं आहे. मला त्या निवेदनापेक्षा सह्यांचंच जास्त भय वाटतं. सही करून ती मंडळी आपापल्या कामाला परत गेली, आणि काम तेच होतं.

'पण काका,' मी धीर करून म्हणतो, 'हिंटननी २०१६ मध्ये असंही सांगितलं होतं की एक्स-रे वाचणारे डॉक्टर तयार करणं आताच थांबवा, पाच वर्षांत यंत्र त्यांच्यापेक्षा सरस होईल, फार तर दहा.' ते डॉक्टर अजून आहेत, आणि त्यांची वेळ मिळवायला अजून ताटकळावं लागतं. काका म्हणतात, 'दहा व्हायचीत ना अजून?' काकांना मुदतवाढ पटकन सुचते.

तसं बघितलं तर या विषयात मुदत पाळली कुणी? १९५६ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात यंत्रांच्या बुद्धीवर विचार करायला काही बुद्धिमान लोक जमले. आदल्या वर्षीच्या त्यांच्या प्रस्तावात लिहिलं होतं की दहा जण दोन महिने बसले तर यंत्रांना भाषा वापरायला शिकवणं वगैरे प्रश्नांत चांगली मजल मारता येईल. आमच्या स्वयंपाकघरातला गळका नळ याहून जास्त काळ गळला. एआयच्या पहिल्या संशोधकांपैकी एक, हर्बर्ट सायमन यांनी १९६५ मध्ये लिहिलं की माणूस करू शकतो ते कुठलंही काम वीस वर्षांत यंत्र करील. अर्थशास्त्रज्ञ केन्स तर त्याआधीच, १९३० मध्ये, सांगून गेले होते की शंभर वर्षांत आठवड्याला पंधरा तास काम पुरे होईल. ती शंभर वर्षं आता भरत आली. मेव्हणा हे केन्सचं वाक्य घेऊन भारावून फिरतो. उरलेल्या तासांचा पगार कोण देणार, असं मी विचारलं की म्हणतो, 'दाजी, तुम्ही फार बारीकसारीक बघता.'

खरी पंचाईत ऑफिसात झाली. आमचे एक वरिष्ठ निवृत्त होत होते आणि निरोपाचं भाषण माझ्या गळ्यात पडलं. मी चार रात्री खोडरबर झिजवून ते लिहिलं. भाषण झालं, टाळ्या पडल्या, आणि शेजारच्या टेबलावरचा तरुण सहकारी कौतुकानं म्हणाला, 'सर, झकास. एआयला प्रॉम्प्ट काय दिला होता?'

मी लिहिलंय म्हटलं तर तो हसला. 'सर, एकही शुद्धलेखनाची चूक नाही!' शाळेत ज्या गोष्टीसाठी छड्या खाल्ल्या ती आता माझ्याविरुद्धचा पुरावा ठरली होती. त्यानं ते भाषण कुठल्याशा तपासनीस संकेतस्थळात टाकलं. निकाल आला, बहुतांश भाग यंत्रलिखित. मी म्हणालो, 'अरे, चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयनं स्वतःचा असा तपासनीस जुलै २०२३ मध्ये मागे घेतला. अचूक नाही म्हणून! ज्यांनी यंत्र बनवलं त्यांना ओळखता येईना.' त्यावर तो म्हणाला, 'सर, हे उत्तरसुद्धा त्याच्यासारखंच देताय.'

मग त्यानं उपाय सांगितला. दोनचार ऱ्हस्वदीर्घ बिघडवा, एखादं वाक्य अर्धवट सोडा, 'आणि'ला दीर्घ वेलांटी द्या, लोकांचा विश्वास बसेल. मला वाटलं ही नव्या पिढीची अक्कल. पण ट्युरिंगच्या त्याच निबंधात एक नमुना संवाद आहे. ३४९५७ आणि ७०७६४ यांची बेरीज विचारली जाते. उत्तर देणारा अर्धा मिनिट थांबतो आणि १०५६२१ सांगतो. करून बघा, शंभरानं चुकलंय. पुढे ट्युरिंग लिहितातच की खेळात उतरलेलं यंत्र परीक्षकाला चकवायला मुद्दाम चुका करील. म्हणजे चुका करून माणूस दिसायची युक्तीही १९५० पासून यंत्राच्या खात्यावर जमा आहे. आमच्यासाठी काय राखून ठेवलंय ते कुणी सांगावं.

आणि त्याच समारंभात दुसऱ्या एकानं दोन मिनिटांत यंत्राकडून काढलेलं मनोगत वाचलं. त्यात 'तुमच्या सावलीत वाढलो' वगैरे होतं. वरिष्ठांचे डोळे भरून आले. वाचणारा त्यांच्याबरोबर कधी काम केलेला नव्हता, परवाच बदलून आला होता. मला राग आला, पण आश्चर्य वाटलं नाही. १९६६ मध्ये संगणकतज्ज्ञ जोसेफ वायझेनबाम यांनी एलायझा नावाचा एक साधा प्रोग्रॅम लिहिला. तुमचंच वाक्य फिरवून तुम्हाला प्रश्न विचारायचा, एवढीच त्याची विद्या. त्यांची सेक्रेटरी त्याच्याशी टंकत बोलायला बसली आणि थोड्या वेळानं वायझेनबामनाच म्हणाली, जरा खोलीबाहेर जाता का? यंत्राला हृदय आहे की नाही यावर पंडितांची रणं माजतात. आपलं हृदय किती स्वस्तात उघडतं, याची चर्चा कमी होते.

शेवटचा हल्ला आत्याकडून आला. कुणाच्याही आवाजाची नक्कल करून नातेवाइकांकडून पैसे उकळतात, ही बातमी तिच्यापर्यंत पोचली. बातमी खरीच आहे, काही सेकंदांचा आवाज मिळाला तरी तशी नक्कल करता येते. तिनं ताबडतोब घरासाठी एक परवलीचा शब्द ठरवला आणि गुप्तता राखायची म्हणून कुणालाच सांगितला नाही.

मी सहज फोन केला.

'कोण?'

'आत्या, मी.'

'मी तर सगळेच म्हणतात. शब्द सांग.'

'कुठला शब्द?'

'म्हणजे तू तो नाहीस.'

बऱ्याच विनवण्यांनंतर ती एक प्रश्न विचारायला तयार झाली. 'सातवीत गणितात किती मार्क होते?'

'पंचाहत्तर,' मी म्हणालो.

पलीकडे जरा शांतता. मग सुस्कारा. 'तूच आहेस रे. अठ्ठावीस होते. यंत्रानं खरं सांगितलं असतं.'

मी कृतार्थ झालो. जगात एका तरी परीक्षेत मी माणूस म्हणून उत्तीर्ण झालो होतो. ही बातमी मी मेव्हण्याला सांगितली ती चूक की बरोबर हे ठरवण्याआधीच त्यानं आत्याला फोन लावला होता. 'आत्या, हल्लीची यंत्रंही बिनदिक्कत ठोकून देतात. न्यूयॉर्कमध्ये २०२३ साली वकिलांनी चॅटजीपीटीनं रचलेले, अस्तित्वातच नसलेले खटले कोर्टात सादर केले. न्यायाधीशांनी पाच हजार डॉलर दंड केला!' यंत्राची बाजू घेण्याच्या भरात गड्यानं माझं प्रमाणपत्र रद्द करवलं.

आत्या खचली नाही. तिनं रोबोतज्ज्ञ हान्स मोरावेकचं नावही ऐकलेलं नाही. त्यांनी १९८८ मध्ये मांडलेलं निरीक्षण असं की बुद्धीच्या चाचण्यांत संगणकाला मोठ्या माणसाच्या बरोबरीनं आणणं त्या मानानं सोपं, पण वर्षाच्या पोराला जमतं तेवढं बघणं आणि हलणं त्याला शिकवणं महाकठीण. हे आत्याला तिच्या तिच्या वाटेनं उमगलं.

'फोनवर काही खरं नाही,' ती म्हणाली. 'रविवारी इथे ये आणि माळ्यावरची ट्रंक खाली काढून दे. मग बघू.'

मी गेलो. स्टुलावर स्टूल ठेवून, कोळिष्टकं डोक्यावर घेत, गुडघ्याच्या नावानं ठणाणा करत ती ट्रंक खाली उतरवली. आत्या खालून चष्मा सावरून निरखत होती.

'माणूसच आहेस,' ती म्हणाली. 'आता मागची दुसरीही काढ.'