“दोन पोरांसाठी एवढं कशाला?” विचारणाऱ्या सरांना उत्तर

सर, अंध पोरांना ऐकता येतील अशा नोट्स द्या, ह्या माझ्या पोस्टवरची तुमची प्रतिक्रिया वाचली. तुम्ही म्हणताय मराठवाड्यातल्या कॉलेजात प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या, तासिकावाल्यांवर गाडा चाललाय, अन् मी दोन अंध पोरांसाठी टेक्नॉलॉजीच्या गप्पा मारायलोय. जागांचं शंभर टक्के पटतं. पण जागा भरेपर्यंत त्या लेकरांनी थांबायचं का? तोवर त्यांची डिग्री संपून जाईल.

अन् मी स्मार्ट बोर्ड घ्या म्हणलोच नव्हतो. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं मोठ्यानं वाचणारा प्रोग्राम, फुकट आहे, 2006 पासून चालू आहे, कॉम्प्युटरवरचं मराठी वाचून दाखवतो, अँड्रॉइड मोबाईलमध्ये तेच काम करणारं टॉकबॅक असतंच. साधन पोराच्या खिशात आहे, अडायलंय ते आपण ग्रुपवर टाकतो त्या नोट्समुळं. वहीच्या पानांचे फोटो काढून पीडीएफ करायची, नाहीतर कृतिदेव ह्या जुन्या फॉन्टमधलं टायपिंग तसंच पाठवायचं. कृतिदेवमध्ये डोळ्याला मराठी दिसतं पण फाईलीत साठलेली असतात इंग्रजी कीबोर्डची अक्षरं, स्क्रीन रीडर तीच वाचतो अन् पोराच्या कानात नुसती बडबड जाते. फोटोतली अक्षरं ओळखणारे ॲप आलेत, पण हाताच्या अक्षरावर अन् जोडाक्षरांवर लई चुकतात. तेच युनिकोडमध्ये, म्हणजे फाईलीत खरी मराठी अक्षरंच साठतात त्या पद्धतीनं, टाईप केलं की सरळ वाचलं जातं, एक रुपया लागत नाही.

“दोन पोरांसाठी एवढं कशाला” हे मात्र लागलं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकारचं अपंगत्व धरलंय, सरकारी अन् अनुदानित कॉलेजात प्रवेशाच्या किमान 5 टक्के जागा राखीव सांगितल्यात. डिस्लेक्सिया, म्हणजे वाचायला-लिहायला अडचण होणं, तोसुद्धा त्यात येतो, अन् तो काय चेहऱ्यावर दिसत नाही, मग वर्गात दोनच आहेत हे कशावरून ठरवलं? शिवाय दिवाळीच्या आगंमागं बीडकडची जी पोरगी आईबापासोबत ऊसतोडीला जाते, तिचे तास बुडतात, तिलाही ह्याच नोट्स अन् तासाचा ऑडिओ लागतो (व्हिडिओ नको, फडावर नेट पुरत नाही). तांड्यावरच्या पोराच्या घरी गोरमाटी (बंजारा बोली) बोलतात, आपलं पुस्तकी मराठी त्याला ऑडिओ मागं नेऊन परत ऐकता आलं तर समजतं. कर्णबधिर पोरांना ऑडिओचा उपयोग नाही हा तुमचा मुद्दा बरोबर, त्यांच्यासाठी लाइव्ह ट्रान्स्क्राइब हे मोबाईल ॲप बोललेलं मराठी लिहून दाखवतं, फक्त मोबाईल शिकवणाऱ्याच्या जवळ ठेवावा लागतो, मागच्या बाकावरून पंख्याच्या आवाजात काही धड उमटत नाही.

तुमच्याकडं कृतिदेवमधल्या जुन्या नोट्स असतील तर एक धडा पाठवा सर. युनिकोड करणाऱ्या कन्व्हर्टरमधून काढून, रफार-वेलांट्या तपासून परत देतो, मग तुमच्याच वर्गातल्या त्या दोघांना ऐकवून बघा.