दार लाव

आमच्या फ्रिजचं दार लागतं, पण ते लावावं लागतं. कोपराने ढकलून निघून गेलं की बोटभर फट राहते. ढकलून जाणारी मी आणि फट शोधून काढणारी आई. एका रात्री तिसऱ्यांदा "दार लाव" ऐकल्यावर मी जाहीर केलं, की ह्याच्यावर मी एक छोटंसं सर्किट करते. आत दिवा लागला की एलडीआरला, म्हणजे उजेड ओळखणाऱ्या सेन्सरला, तो कळेल, तीस सेकंदांनीही उजेड तसाच असेल तर बझर बोंबलेल. एक बटण सेल आणि मध्ये एक चिल्लर मायक्रोकंट्रोलर, म्हणजे एका चिपवरचा इवलासा संगणक, बस.

"किती दिवस लागतील?" आईने विचारलं.

"शनिवार-रविवारचं काम आहे."

कुठला शनिवार, ते मी बोलले नव्हते.

मामाला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, "अगं, ५५५ लाव आणि मोकळी हो." मामाच्या मते जगातला कुठलाही प्रश्न ५५५ नावाच्या टायमर चिपने सुटतो. १९७१ साली हान्स कामेनझिंडने त्याची रचना केली, तेव्हापासून बरेच सुटलेही आहेत. पण जुना ५५५ नुसता बसून ३ मिलिअँपियर खातो आणि त्याला निदान साडेचार व्होल्ट लागतात. सीआर२०३२ सेल असतो ३ व्होल्टचा, त्यात साधारण २२० मिलिअँपियर-तास. व्होल्टेजचं कसंबसं जमवलं, तरी तीन दिवसांत खेळ खल्लास.

"मग दर तीन दिवसांनी सेल बदल," मामा म्हणाला. मामाशी वाद घालण्यात अर्थ नसतो.

पहिला शनिवार निवडण्यात गेला. विक्रेत्याच्या साइटवर 'मायक्रोकंट्रोलर' टाकलं तर हजारोंनी निघाले. मग गाळण्या लावत सुटले. पाय कमी, भूक कमी, किंमत कमी. शेवटी 'सध्या शिल्लक आहे' ह्या चौकटीवर टिक केली आणि मनात भरलेल्या निम्म्या चिपा डोळ्यांदेखत नाहीशा झाल्या. उरलेल्यांत ज्या अगदी फुकटात वाटत होत्या, त्यांचा तो भाव हजारोंचं रीळ घेणाऱ्यासाठी होता. मला हवा होता एक नग.

आधी जीव जडला पीआयसी१०एफ२०० वर. सहा पाय, बोटाच्या टोकावर ठेवली तर तीळ समजून पुसून टाकाल. प्रोग्रॅमला २५६ शब्दांची जागा, आणि रॅम १६ बाइट. किलोबाइट नव्हे, बाइट. अक्षरं साठवायच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं एकेक चिन्ह ३ बाइट घेतं, काना धरून. म्हणजे 'दार लाव' हे मधल्या जागेसकट १९ बाइट झाले. आई जे दिवसातून दहादा म्हणते, ते ह्या चिपच्या डोक्यात एकदाही मावत नाही!

मग पॅडॉक कंपनीची पीएमएस१५०सी. हिची ख्याती 'तीन सेंटची चिप' अशी. ती स्वस्त आहे कारण तिच्यावर एकदाच लिहिता येतं, पुसायची सोय नाही. मी आजवर एकही प्रोग्रॅम पहिल्या फटक्यात बरोबर लिहिलेला नाही. निदान सत्तावीस चिपा कचऱ्यात जातील, असा माझा स्वतःबद्दलचा प्रामाणिक अंदाज होता. त्यावर उपाय म्हणजे तिची पुसता येणारी बहीण पीएफएस१५४ घ्यायची, तिच्यावर चुका करायच्या आणि शहाणपण आलं की हिच्याकडे वळायचं. चुका धाकटीने करायच्या आणि मिरवायचं थोरलीने, हे मला पटेना.

सीएच३२व्ही००३ बघितली. रिस्क-फाइव्ह जातीचा प्रोसेसर, १६ केबी फ्लॅश (प्रोग्रॅमची जागा), २ केबी रॅम, वेग ४८ मेगाहर्ट्झ, आणि किंमत दहा सेंटच्या आसपास. फ्रिजचं दार उघडं आहे का, हे सेकंदाला चार कोटी ऐंशी लाख ठोक्यांनी तपासायचं. इतकं तर आईही तपासत नाही.

शिवाय प्रत्येकीचा प्रोग्रॅमर, म्हणजे चिपमध्ये प्रोग्रॅम भरणारा डबा, निराळा. पीआयसीची भाषा पॅडॉकला कळत नाही, सीएच३२ एकाच तारेवर बोलते आणि तेही सहसा तिच्या खास 'लिंक' प्रोग्रॅमरशी. जुन्या एटीटायनी चिपांना सहा तारा, नव्यांना एक, पण ती एक तार सीएच३२ची चालत नाही. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला असं म्हणतात. माझ्याकडे मसाल्याचे चार डबे झाले होते आणि कोंबडी अजून ठरायची होती.

सगळ्यांत स्वस्त चिप शोधायला निघालेली मी शेवटी त्यातल्या त्यात महागडी घेऊन आले, एटीटायनी८५. तिची धाकटी १३ए सुद्धा चालली असती, १ केबी फ्लॅश, ६४ बाइट रॅम. पण '८५ वर काय वाट्टेल ते होतं' असं ऐकलेलं. आठ पायांच्या ह्या प्राण्याची डेटाशीट (माहितीपुस्तिका) दोनशेहून जास्त पानांची आहे, म्हणजे पायामागे पंचवीस पानं.

पार्सल उघडलं आणि ब्रेडबोर्डवर, म्हणजे सोल्डर न करता सर्किट जुळवायच्या भोकांच्या पाटीवर, चिप बसेना. बसेल कशी? ब्रेडबोर्डची भोकं २.५४ मिलिमीटरवर, हिचे पाय १.२७ वर. नावाच्या शेपटीला '२०पीयू' असतं तर ती जाडजूड, ब्रेडबोर्डात बसणारी. मी मागवली होती '२०एसयू'. एका अक्षराने ध चा मा झाला होता. दहा नग. (एकच हवा होता, पण डिलिव्हरीच्या खर्चाची लाज वाटली.)

मग पायांचं अंतर जुळवणारे अडॅप्टर बोर्ड मागवले आणि आणखी एक शनिवार गेला. पहिली चिप चिमट्यात धरली, जरा जास्त दाबली, 'टिक' असा आवाज आला आणि ती गेली. टॉर्च जमिनीला टेकवून तासभर लोळत शोधली. आई वरून म्हणाली, "काय हरवलंय?" काय सांगणार? ती पाच दिवसांनी माझ्याच चपलेच्या तळव्यात रुतलेली सापडली.

दुसरी सोल्डर केली, लिहिली, चालली. म्हटलं, आता जरा काटकसर करू. फ्यूज (चिपच्या आतली एक सेटिंग) बदलून तिचं घड्याळ १ मेगाहर्ट्झवरून १२८ किलोहर्ट्झवर आणलं. त्यानंतर चिप ठार मुकी. प्रोग्रॅमर म्हणे, समोर कुणी नाही. तिसरी लावली, तिचाही फ्यूज बदलला, तेच. चौथी, तेच. तिघींना कचऱ्याच्या डब्यात टाकून रात्री अकरा वाजता डेटाशीट उघडली, तर तिथे स्वच्छ लिहिलेलं, की प्रोग्रॅमरचा वेग चिपच्या घड्याळाच्या चौथ्या हिश्शाहून कमी हवा. म्हणजे ३२ किलोहर्ट्झच्या खाली. त्या मेल्या नव्हत्याच. मीच भरभर बोलत होते. डब्यात हात घालून तिघींना बाहेर काढलं, सावकाश बोलले, तिघी बोलल्या.

अखेर सर्किट फ्रिजमध्ये बसलं. अंधारात चिप झोपते, मायक्रोअँपियरभरसुद्धा खात नाही. दार उघडलं की एलडीआरचा विजेला होणारा रोध घटतो, पिनवरचं व्होल्टेज वर जातं, चिप दचकून उठते. पहिल्याच रात्री बझर वाजला. आईने मोबाइल पाहिला, मिक्सर पाहिला, दारावरची बेल पाहिली, मग शेजाऱ्यांना विचारून आली. तोवर फ्रिज उघडाच.

सकाळी फ्रिजच्या दारावर तिच्या अक्षरात चिठ्ठी होती: 'आवाज आला तर दार लाव'.

मी मोजले. ४९ बाइट. १३ए मध्येसुद्धा मावले असते.