रिव्हॉल्वरमधल्या कुलपाला घाबरण्याआधी

गेल्या महिन्याभरात एकच मेसेज माझ्याकडे चार ठिकाणांहून आला. एक बार्शीकडच्या द्राक्ष बागायतदारानं धाडला, एक होटगी रोडवरच्या पेट्रोल पंपवाल्या मित्रानं आणि दोन नात्यातून आले. चौघांकडे शस्त्र परवाना आहे. मी फौजेत आर्मोरर होतो, आयुष्य बंदुका उघडण्यात आणि जोडण्यात गेलं, म्हणून चौघांनी खाली एकच ओळ जोडली होती : "सुभेदारसाहेब, हे खरंय का?"

मेसेज असा आहे : "आजकालच्या रिव्हॉल्वरमध्ये कंपनी आतच कुलूप बसवते. गोळी झाडल्यावर धक्क्यानं ते आपोआप लागतं आणि ऐन वेळी ट्रिगर दबत नाही. अमेरिकी सरकारनं कंपन्यांच्या गळ्यात मारलेली ही भानगड आहे. यापेक्षा जुनी रिव्हॉल्वर शंभर पटीनं भरवशाची. नवी असेल तर लेथवाल्याकडून कुलूप काढून घ्या, दहा मिनिटांचं काम आहे. खरी सेफ्टी आपल्या बोटात असते, कुलपात नाही."

यातलं एक वाक्य अर्धं खरं आहे, एक धोकादायक आहे आणि एक माणसाला थेट तुरुंगात नेऊ शकतं. म्हणून चौघांना वेगवेगळं उत्तर लिहीत बसण्याऐवजी इथं एकदाच सविस्तर लिहितो.

मेसेजमध्ये नसलेल्या प्रश्नापासूनच सुरुवात करू या. तुमच्या रिव्हॉल्वरला हे कुलूप आहे तरी का? अमेरिकेच्या स्मिथ अँड वेसन कंपनीच्या २००१ नंतरच्या बहुतेक रिव्हॉल्वरवर डाव्या अंगाला, काडतुसांची चकरी सोडायच्या बटणाच्या थोडं वर, एक बारीक गोल छिद्र असतं. त्यात छोटी किल्ली फिरवली की आतली पट्टी वर येते आणि हॅमर, म्हणजे काडतूस पेटवायला घाव घालणारा मागचा घोडा, अडवते. हॅमर हलला नाही तर ट्रिगरही मागे येत नाही. ब्राझीलच्या टॉरस कंपनीनं किल्लीची जागा हॅमरच्या मागच्या बाजूलाच दिली. अमेरिकेच्याच रुगर कंपनीनं काही मॉडेलांत ती मुठीच्या आवरणाखाली दडवली. आता आपल्याकडचं बघा. खासगी माणसासाठी परदेशी रिव्हॉल्वरची आयात १९८० च्या दशकातच बंद झाली, नामवंत नेमबाजांसारखे मोजके अपवाद सोडले तर. म्हणजे सोलापूर जिल्ह्यात परवान्यावर जी विलायती रिव्हॉल्वर आहेत, ती जवळपास सगळी हे कुलूप जन्माला येण्याआधीची. बाकी बहुतेक जण कानपूरच्या सरकारी शस्त्र कारखान्याची .३२ बोरची रिव्हॉल्वर वापरतात. तिच्या अंगावर किल्लीचं छिद्र मी आजवर पाहिलेलं नाही. चारपैकी तीन जणांची भीती इथंच संपायला हवी.

तरीही "आपोआप लागतं" हा दावा मी झटकून टाकणार नाही, कारण तो हवेतून आलेला नाही. अमेरिकेत असे प्रकार झाले आहेत आणि बंदुकींवर लिहिणाऱ्या जबाबदार लोकांनी त्यांची नोंद केली आहे. पण ते कुठं झाले हे नीट पाहा. स्कँडियम मिश्रधातू आणि टायटॅनियमच्या अतिहलक्या रिव्हॉल्वरमधून .४४ मॅग्नमसारखी जबर काडतुसं झाडताना झाले. .४४ मॅग्नमची स्मिथ अँड वेसनची ३२९ पीडी साधारण ७०० ग्रॅमची आहे. आपली कानपूरची .३२ सुद्धा जवळपास तेवढ्याच वजनाची. पण .४४ मॅग्नमच्या गोळीची ताकद आपल्या .३२ च्या सहापटीहून जास्त. वजन तेच, धक्का कितीतरी जास्त, अशा हिसक्यात आतली हलकी पट्टी क्वचित जागा सोडते. पोलादी अंगाच्या, साध्या काडतुसांच्या रिव्हॉल्वरला तसा हिसकाच बसत नाही. तेव्हा उद्या कुणाच्या हाती नेमकी ती हलकी मॅग्नम आली आणि त्यानं काळजी केली, तर मी त्याला वेड्यात काढणार नाही. सांगेन, रेंजवर नेऊन त्याच काडतुसांनी भरपूर झाडून बघ, मग भरवसा ठेव. गिऱ्हाइकांचा हा आक्षेप कंपनीनंही ऐकला आणि कुलूप नसलेली काही मॉडेलं पुन्हा बाजारात आणली.

रिव्हॉल्वर अडण्याची जी कारणं मी स्वतःच्या हातांनी दुरुस्त केली, त्यांत कुलूप एकदाही नव्हतं. जळकी दारू एक्स्ट्रॅक्टरच्या, म्हणजे रिकामी टरफलं बाहेर ढकलणाऱ्या भागाच्या, चांदणीखाली साचते आणि चकरी फिरायला घट्ट होते. एक्स्ट्रॅक्टरचा दांडा सैल होऊन पुढे येतो. तेल सुकून डिंकासारखं चिकटतं. आपल्याकडचा उन्हाळा आणि काळ्या मातीची बारीक धूळ, दोन्ही मिळून हे काम फार लवकर करतात. आणि काडतुसं! लोक खडकीच्या कारखान्याच्या काडतुसांचा डबा एकदा विकत घेतात आणि पंधरा पंधरा वर्षं देवघराच्या वरच्या फळीवर ठेवतात. अगरबत्तीचा धूर, पावसाळ्याची ओल, सगळं त्यांनी खाल्लेलं असतं. काडतूस पेटलं नाही की म्हणतात, बंदूक खराब निघाली. हातात नसलेल्या कुलपाची काळजी करायला वेळ असेल, तर आधी तो डबा खाली काढा.

सरकारनं गळ्यात मारलं, हा दावा थोडक्यात निकाली निघतो. मार्च २००० मध्ये स्मिथ अँड वेसननं क्लिंटन सरकारशी एक करार केला. त्यात अंगभूत कुलपाचं कलम होतं, इथपर्यंत खरं. गिऱ्हाईक भडकलं, बहिष्कार पडला, विक्री घसरली. तेव्हाच्या ब्रिटिश मालकांनी, टॉमकिन्स कंपनीनं, १९८७ मध्ये ११ कोटी डॉलरहून जास्त मोजून घेतलेली ही कंपनी मे २००१ मध्ये दीड कोटी डॉलरला विकून टाकली. विकली कुणाला? सेफ-टी-हॅमर नावाच्या, बंदुकीची कुलपंच बनवणाऱ्या छोट्या कंपनीला. नव्या मालकाचा धंदाच कुलपाचा होता. प्रत्येक रिव्हॉल्वरमध्ये कुलूप असलंच पाहिजे असा कायदा अमेरिकेच्या केंद्र सरकारनं कधी केला नाही. २००५ चा त्यांचा कायदा फक्त एवढंच सांगतो की विक्रेत्यानं पिस्तूल-रिव्हॉल्वरसोबत एखादं कुलूप किंवा सुरक्षेचं साधन द्यावं. तिकडच्या राजकारणाचा राग सोलापुरात बसून आपण का धरायचा, हे मला कळलेलं नाही.

"जुनी रिव्हॉल्वर भरवशाची." हे वाक्य वाचून मात्र माझ्या छातीत धस्स झालं. इथं मेसेज लिहिणाऱ्यानं दोन वेगळ्या गोष्टींची खिचडी केली आहे. किल्लीचं कुलूप वेगळं आणि रिव्हॉल्वर खाली पडल्यावर गोळी सुटू नये म्हणून आत असलेली व्यवस्था वेगळी. ती दुसरी व्यवस्था तुम्हाला दिसत नाही, तिला किल्ली लागत नाही, ती आपलं काम मुकाट्यानं करते. हॅमर आणि काडतूस यांच्यामध्ये एक पोलादी पट्टी आडवी राहते आणि ट्रिगर पूर्ण मागे ओढला तरच बाजूला होते. काही रिव्हॉल्वरमध्ये उलटी रचना असते. तिथं ट्रिगर ओढल्यावरच मधली पट्टी वर येते आणि हॅमरचा घाव फायरिंग पिनपर्यंत, म्हणजे काडतुसावर आपटणाऱ्या टोचणीपर्यंत, पोचवते. अमेरिकेच्या कोल्ट कंपनीनं १९०५ च्या सुमारास आडव्या पट्टीची व्यवस्था आणली. स्मिथ अँड वेसनची जुनी पट्टी दुसऱ्या महायुद्धात कमी पडली. जहाजावर पडलेल्या रिव्हॉल्वरमधून गोळी सुटून एक खलाशी मेला आणि मग १९४४-४५ मध्ये कंपनीनं ती पट्टी नव्यानं घडवली. रुगरनं आपल्या सिंगल-ॲक्शनमध्ये, म्हणजे दर वेळी हॅमर अंगठ्यानं मागे ओढावा लागणाऱ्या रिव्हॉल्वरमध्ये, ही सुरक्षा १९७३ मध्ये दिली. त्याआधीच्या सिंगल-ॲक्शन रिव्हॉल्वरमध्ये हॅमरखालचं घर रिकामं ठेवायची रीत होती. सहा घरं, पाच काडतुसं.

अक्कलकोट बाजूचे एक गृहस्थ मागं माझ्याकडे आले होते. आजोबांची .३२, वारसानं परवान्यावर चढवलेली, निकेलची झळाळी अजून शाबूत. राजवाड्यातल्या शस्त्रागारात शोभावी अशी. त्यांनीही हाच मेसेज वाचला होता आणि खुशीत होते की आपल्याकडे कुलपाची कटकट नाही. काडतुसं काढून ठेवायला सांगून मी त्यांनाच हॅमर हळूच खाली सोडायला लावला. पिनचं टोक काडतुसाच्या घराकडे डोकावत राहिलं. आत आडवं काहीच नव्हतं. पट्टी झिजली होती, की कुणी दुरुस्तीत काढून टाकली होती, कोण जाणे. असली रिव्हॉल्वर सहा काडतुसं भरून कमरेला लावायची आणि मोटारसायकलवरून उतरताना ती निसटली तर? ते बराच वेळ काही बोलले नाहीत. चहा गार झाला. काळजी करायची तर या रिव्हॉल्वरची करा, आणि ती मेसेजनं "भरवशाची" ठरवून टाकली आहे.

आता लेथवाला. आपल्या एमआयडीसीत हातात जादू असलेले कारागीर आहेत. यंत्रमागाचा कुठलाही तुटका भाग आणून द्या, ते तसाच्या तसा बनवून देतील. पण शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ५ प्रमाणे बंदुकीची दुरुस्ती किंवा त्यात बदल हा परवान्याचा धंदा आहे. विनापरवाना दुरुस्ती करणाऱ्याला कलम २५ खाली, २०१९ च्या दुरुस्तीनंतर, किमान सात वर्षं आणि जास्तीत जास्त जन्मठेप. तुमच्या दहा मिनिटांच्या कामासाठी त्या गरीब कारागिराचं घर उद्ध्वस्त होईल आणि तुमचा परवाना जाईल तो वेगळाच. शंका असेल तर परवानाधारक विक्रेत्याकडेच न्या. शहरातल्यांनी पोलीस आयुक्तालयाच्या आणि ग्रामीण भागातल्यांनी जिल्हाधिकारी कार्यालयाच्या परवाना शाखेत विचारा. शिवाय आतला एखादा भाग काढला की शेजारच्या भागांची जुळणी बदलते. हॅमरच्या आसपासचं काम कानस घेऊन करायचं नसतं.

शेवटचं वाक्य बोटाचं. ट्रिगरवर बोट ठेवायचं नाही, हे मी शेकडो जवानांना शिकवलं, तेव्हा त्याला मी खोटं कसं म्हणू? पण ते बोट कुणाचं? डबल-ॲक्शन ट्रिगर, म्हणजे हॅमर आधी मागे न घेता थेट दाबायचा ट्रिगर, ओढायला साधारण पाच किलोचा जोर लागतो. मोठ्या माणसाला तो जाणवतो. सहा-सात वर्षांचं पोर रिव्हॉल्वर उलटी धरून दोन्ही अंगठ्यांनी तो दाबू शकतं. आणि हॅमर आधीच मागे ओढलेला असेल, तर दीड-दोन किलोत काम होतं.

विजापूर रोडवरच्या एका मंगल कार्यालयात मी हे जवळजवळ घडताना पाहिलं आहे. पाहुण्यानं पंगतीला बसताना आपली बॅग शेजारच्या मुलाच्या मांडीवर ठेवली, "सांभाळ रे बाळा" म्हणाला आणि जेवायला लागला. बॅगेत काय आहे हे मला ठाऊक होतं. मी ती उचलून त्यांच्या पायाशी ठेवली आणि जेवण होईपर्यंत तिथंच उभा राहिलो. ते रागावले. रागावू देत. लग्नात हवेत बार काढणाऱ्यालाही २०१९ पासून दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे, हे त्याच वेळी त्यांना सांगितलं.

अंगभूत कुलूप असलं, तरी रिव्हॉल्वर रिकामी करून लोखंडी पेटीत, काडतुसं वेगळ्या कप्प्यात आणि किल्ली अंगावर, हेच मी सांगेन. कुलूप नसलं तरी तेच. त्याच्या जोडीला आतलं कुलूप असेल तर मी ते वापरेन. मुलं घरात आली की किल्ली फिरवायला पाच सेकंद लागतात.

बार्शीच्या बागायतदाराला मी एवढंच कळवलं होतं की डाव्या बाजूचा फोटो पाठवा, छिद्र आहे का बघतो. काल रात्री फोटो आला. छिद्र नव्हतं. डायनिंग टेबलावर रिव्हॉल्वर, बाजूला नातवाची चित्रकलेची वही, आणि चकरीच्या मागच्या फटीत काडतुसांच्या पितळी कडा चमकत होत्या. मेसेज टाईप करत बसलो नाही. तसाच फोन लावला.