‘जंगलवेडा’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर (जरा लांबलंय, इलाज नाही)

जंगलवेडा, सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात एका छोट्या प्राणी उद्यानातल्या पिंजऱ्यांवर मी लिहिलं, त्याखालची तुमची प्रतिक्रिया वाचली. बिबट्या जाळीलगत येरझाऱ्या घालतोय म्हणजे तो तणावात आहे आणि मी ते ‘जेवणाची वेळ झाली असावी’ म्हणून उडवून लावलं, हा तुमचा एक मुद्दा. क्षेत्रफळ अंदाजपंचे ठोकून दिलं, हा दुसरा. उद्यानाचं नाव लपवलं, हा तिसरा. त्या बिबट्याला सरळ जंगलात सोडून द्यावं, हा उपाय. आणि शेवटी हे वाक्य: ‘रेलिंगला टेकून तासाभरात पिंजऱ्यांना मार्क देणाऱ्या पर्यटकांनी आधी थोडा अभ्यास करावा, मग लिहावं.’

या वाक्यापासूनच सुरुवात करतो. तुम्ही मनापासून लिहिलंय ते एवढंच.

पर्यटक म्हणालात. माझं आजोळ पुण्यात, पर्वतीच्या पायथ्याशी. पेशवे पार्क, म्हणजे तिथलं जुनं प्राणिसंग्रहालय, हे आमचं मागचं अंगण. सिंहाचा आवाज ऐकत झोपायचं आणि सकाळी शाळेच्या आधी एक चक्कर मारायची, असं लहानपण गेलंय. बाकीची पोरं फुलराणी या छोट्या आगगाडीच्या रांगेत धक्काबुक्की करायची तेव्हा मी वाघाच्या गजांसमोर बसलेलो असायचो. पुढे पेशवे पार्कातलं प्राणिसंग्रहालय कात्रजला हललं. गजांच्या जागी खंदक आल्यावर तेच जनावर कसं वेगळं वागतं, तेही मी पाहिलंय. मामा गुरांचे डॉक्टर होते. त्यांची पिशवी धरून किती गोठे पालथे घातले, त्याची गणती नाही. जनावर दुखणं लपवतं आणि ते नेमकं कुठे बघायचं, हे मला शिकवायला कुठलं विद्यापीठ आलं नव्हतं. तुमचा अभ्यास कुठे झाला, हे मी विचारणार नाही. (विचारलं असतं, पण तुमच्या प्रोफाइलवर नुसता वाघाचा डोळा आहे.)

आता ‘तासाभरात’ काय कळतं, ते सांगतो. बघणाऱ्याला बरंच कळतं. बिबट्याच्या आवारात मचाण आहे का, हे कुणीही सांगेल. मी त्या मचाणाच्या फळ्या पाहिल्या. वरच्या फळीच्या कडेला नखांचे ताजे ओरखडे होते, आतलं पांढरं लाकूड दिसत होतं. म्हणजे मचाण नुसतं शोभेचं नाही, तो वर जातो. लोकांच्या नजरेआड व्हायला मात्र एक करवंदीची जाळी आणि मागची रात्रीची खोली, एवढंच. आणि खोलीचं दार दिवसा बंद. हे मी लेखात लिहिलंय, ठळक अक्षरात. मगरींच्या टाकीला तीन बाजूंनी सरळ उभी भिंत आणि ऊन खायला एकच ओटा. त्यावर एक मगर पसरली की बाकीच्यांनी पाण्यातच राहायचं. चितळांच्या आवारातल्या झाडांना जाळ्या नाहीत, बुंध्यांची साल पोरांनी ऊस सोलावा तशी सोललेली. यातलं काय बघायला डिग्री लागते?

पुस्तकीच हवं असेल तर घ्या. बर्न, बासेल आणि झुरिकची प्राणिसंग्रहालयं सांभाळलेले हायनी हेडिगर गेल्या शतकाच्या मध्यावरच सांगून गेले की आवार किती मोठं, यापेक्षा त्यात काय आहे हे महत्त्वाचं. आपल्याकडे 1992 मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण आलं, त्यांच्या निकषांत बिबट्याच्या जोडीला किमान 500 चौरस मीटर मोकळं आवार सांगितलंय. मी बाहेरून पावलं टाकून मोजलं, तर एकट्या बिबट्याचं आवार त्याच्या निम्म्याच्या आसपास भरलं. टेप नेली नव्हती, हे मान्य. तो मुद्दा तुमचा. पण मी ‘ठीक आहे’ असा निकाल कुठेच दिलेला नाही. दहापैकी साडेचार दिलेत. साडेचारला तुमच्या शाळेत पास म्हणत असतील.

येरझाऱ्यांचं म्हणाल तर, जाळीलगत वीतभर रुंदीची घट्ट, गुळगुळीत पायवाट पडलीय आणि तो दर वेळी त्याच कोपऱ्यात, त्याच बाजूला मान वळवून फिरतो, हे तुम्हाला कळलं कुठून? माझ्याच लेखातून. फोटोही माझाच. ‘अशी पायवाट एका जेवणाच्या वेळेत पडत नाही’ असं तुम्ही विजयी सुरात लिहिलंत. बरं, नाही पडत. पुढे? 2003 चा क्लब आणि मेसन या संशोधकांचा ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेतला निबंध तोंडावर फेकून काय होतं? लांबवर फिरणाऱ्या मांसाहारींना बंदिवास जास्त जाचतो, हे त्यात आहे, पण त्यातलं सगळ्यात ठळक उदाहरण ध्रुवीय अस्वलाचं आहे. आपला बिबट्या अकोले-जुन्नरच्या उसात, वस्तीला लागून राहतो. त्याला ध्रुवीय अस्वलाच्या मापाने मोजू नका. या विषयावर मला अधिक बोलायचं नाही.

आणि ‘सोडून द्या जंगलात’? अहो, जुन्नरला तेच करून झालंय. 2001 नंतर तिथले बिबटे पकडून दूरच्या जंगलांत सोडले गेले. बिबट्यांच्या अभ्यासक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी त्याचा अभ्यास 2011 मध्ये प्रसिद्ध केला: सोडलेल्या ठिकाणांच्या आसपास माणसांवरचे हल्ले वाढले. हा तुमचाच आवडता शब्द, अभ्यास. जुन्नरजवळ माणिकडोहला बिबट निवारा केंद्र आहे, तिथे एकदा जाऊन या. पकडलेल्या बिबट्याचं काय करायचं, हा प्रश्न लाइक मिळवण्याइतका सोपा नाही, हे तिथे पाच मिनिटांत कळतं. ‘आमच्या गावात नको’ म्हणणारे आणि ‘पिंजऱ्यातही नको’ म्हणणारे पुष्कळदा एकच असतात. तुम्ही त्यातले आहात असं मी म्हणत नाही.

उरलं नावाचं. उद्यानाचं नाव दिलं नाही, कारण राखणदार माझ्याशी मोकळेपणाने बोलला. रात्रीच्या खोलीची कडी दिवसा का घालतात, हे त्यानेच सांगितलं: आत गेला की बिबट्या दिसत नाही आणि लोक तिकिटाचे पैसे परत मागतात. माणूस कंत्राटी आहे. नाव छापलं असतं तर पहिली कुऱ्हाड त्याच्यावर पडली असती. तुम्ही स्वतः ‘जंगलवेडा’ या बुरख्याआडून मला नाव लपवण्यावर प्रवचन देता, हे मात्र झकास.

पुढच्या महिन्यात बोंडल्याला जातोय. गोव्यातलं छोटंसं अभयारण्य, जेमतेम 8 चौरस किलोमीटर, आणि आत प्राणिसंग्रहालय. गुरुवारी बंद असतं, म्हणून शुक्रवार धरलाय. यायचं असेल तर कळवा. टेप तुम्ही आणा, तिकीट ज्याचं त्याने काढायचं.