आखाजीची चाल आणि गिटार

अमळनेरचा माझा पुतण्या आखाजीच्या, म्हणजे खानदेशातल्या अक्षय्य तृतीयेच्या, अहिराणी गाण्यांच्या चाली गिटारवर बसवतो आणि त्यावरून आमच्या घरात वाद पेटला आहे. माहेरी आलेल्या लेकी झोक्यावर म्हणतात त्या गाण्यांना विलायती वाद्याची जोड दिली की ती बाटतात, असे वडीलधाऱ्यांचे म्हणणे आहे. तर अशी गाणी नव्या वाद्यांसह वरातीत डीजेवर वाजतात म्हणूनच शहरातल्या पोरांच्या कानांवर अहिराणी पडते, असे तरुण मंडळी सांगतात. मला दोन्ही बाजू अपुऱ्या वाटतात आणि त्याचे कारण बिल फ्रिझेल हा अमेरिकी गिटारवादक व संगीतकार आहे. मी राहतो त्या सिएटलमध्ये त्याचे बरीच वर्षे वास्तव्य होते.

1951 मध्ये बाल्टिमोरला जन्मलेला आणि डेन्व्हरला वाढलेला फ्रिझेल आधी क्लॅरिनेट शिकला. पुढे जॅझमध्ये नाव मिळवूनही त्याने 1992 च्या एकाच ध्वनिमुद्रिकेत अमेरिकी संगीतकार कॉपलंडचे बॅले-संगीत, मडी वॉटर्सचे ब्लूज (अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचे लोकसंगीत) आणि मॅडोनाचे लोकप्रिय गाणे एकत्र आणले. विनोदी नट बस्टर कीटनच्या मूकपटांना संगीत दिले. 1997 मध्ये आलेल्या ध्वनिमुद्रिकेत नॅशव्हिलच्या ग्रामीण संगीतातल्या वादकांबरोबर वाजवले. पण एवढी मुशाफिरी करूनही त्याचा हात लगेच ओळखू येतो. तो एक सूर छेडतो, मोकळ्या तारा घुमू देतो, तो सूर विरत आला की मगच पुढचा लावतो आणि मूळ चाल ओळखू येईल इतकी मोकळी ठेवतो.

अमेरिकेतही संगीताच्या वाटण्या झाल्याच होत्या. 1920 च्या दशकात ध्वनिमुद्रण कंपन्यांनी कृष्णवर्णीय कलावंतांचे आणि गोऱ्या ग्रामीण कलावंतांचे संगीत वेगवेगळ्या नावांनी विकले. प्रत्यक्षात दक्षिणेतले वादक एकमेकांच्या चाली सर्रास उचलत होते. त्यामुळे शुद्धतेची रेघ कोणी आखली, हे मी आधी विचारतो.

मात्र आपल्याकडच्या नव्या अहिराणी गाण्यांबद्दलची ज्येष्ठांची तक्रार मी उडवून लावणार नाही. आमच्याकडची आखाजीची चाल चार-पाच सुरांतच फिरते, ओळीच्या शेवटी थोडी रेंगाळते आणि झोक्याच्या गतीने कमी-जास्त होते. कीबोर्डवाला तिच्याखाली ठरलेल्या तीन कॉर्ड्स (एकदम वाजणारे सुरांचे गुच्छ) आणि यंत्रातला तयार ठेका घालतो, तेव्हा ते रेंगाळणे नाहीसे होते आणि दोन सुरांच्या मधला सूर पट्टीवरच्या जवळच्या सुराला चिकटतो. तिथे दोष वाद्याचा नसून घाईचा आहे. गिटारवर एकच मोकळी तार तंबोऱ्यासारखी घुमत ठेवून वरची चाल तार ओढून वाजवता येते; कॉर्ड घातलीच पाहिजे असे कोणी सांगितले आहे?

'मानिनी' (1961) या चित्रपटात वसंत पवारांनी बहिणाबाईंच्या लेवा बोलीतल्या कवितांना चाली दिल्या. त्या वाद्यमेळासह आल्या, तरी जळगावकर आज त्या आपल्याच मानतात.

पुतण्याला मी गिटार सोडायला सांगणार नाही. येत्या आखाजीला त्याने आत्या आणि आजी झोक्यावर गातात तेव्हा गिटार न घेता शेजारी बसावे, पूर्ण गाणी मुद्रित करावीत, ठेका कुठे ढळतो ते लिहून ठेवावे आणि त्यानंतर बसवलेली चाल सर्वांत आधी त्यांनाच ऐकवावी, एवढे मी त्याला कळवले आहे.